मेंढीचं दुखणं

मेंढरांच्या दुखण्यात निजामाच्या घोड्यांचा हकीमसुद्धा कासाबाईपुढं पाणी भरील, असं चारठाण्यात म्हणत. तीही ते कुणाला विसरू देत नसे. एकदा शेजारचा येडबा मेंढी घेऊन आला. “मावशे, खाईना, रवंथ करीना, कळपातून दूर उभी राहती. काठी घातली तरी हलंना.” “मुडद्या, काठी कशाला? दुखणं अंगात न्हाई, मनात हाय तिच्या. जवळ बांध, हातानं चार, पाठीवरनं हात फिरव.” दारामागं कासाबाईची पंधरा वर्षांची लेक बानू गुडघ्यात डोकं घालून बसली होती. पाडव्यापासून धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. “माय, मला मातर ढोंगी म्हनलीस,” ती पुटपुटली, “मिरच्यांची धुरी दिलीस.” भाकरीचा तुकडा मोडून कासाबाई लेकीजवळ बसली. बानूनं तोंड उघडलं नाही, तरी मायनं पुढं केलेला हात मागं घेतला नाही.