खांबाला बांधलेल्या बाई

"हात मागे घे, येर्मिना! मागे म्हणजे पाठीमागे!"

वेल्मिंचेबाई खांबावरून ओरडल्या. बाई होत्या दूर कुपांग शहरात, आपल्या घरी. खांबावर होता तो येर्मिनाचा फोन. अख्ख्या घरात रेंज मिळायची ती त्या एका खांबापाशी, डोक्याएवढ्या उंचीवर, म्हणून तो तिथे जाळ्याच्या दोरीने करकचून बांधला होता. बाईंनी तीस वर्षं बाळंतपणं केली होती. आता निवृत्तीनंतर त्या बेटाबेटांवरच्या नव्या सुइणींना व्हिडिओ कॉलवरून शिकवायच्या. शिकवायच्या कमी, झापायच्या जास्त.

येर्मिनाने हात पाठीमागे घेतले. तिच्या नोकरीला जेमतेम सात महिने झाले होते आणि हे तिचं पहिलंच पायाळू बाळंतपण. चटईवर डेल्सियाना कण्हत होती. समुद्र तीन दिवस खवळलेला, पलीकडच्या इस्पितळात न्यायला एकही होडी निघायला तयार नाही. बाळ-बाळंतीण दोघांचं जे काय व्हायचं ते इथेच, येर्मिनाच्या दोन हातांत. आणि बाई म्हणत होत्या, हात लावू नकोस!

"बाई, कंबर आली बाहेर. ओढू का थोडंसं?"

"ओढ की! डोकं आत अडकेल, मग तू आणि मी बसू रडत. पाठ वरच्या बाजूला आहे ना? मग येऊ दे त्याला त्याच्या चालीनं. मानेवरचे केस दिसले की हात लावायचा. तोवर काय करायचं?"

"काहीच नाही."

"तेच सगळ्यात अवघड असतं, बाळा."

मागे डेल्सियानाच्या सासूची, डोरकासची, वेगळीच लगबग चालली होती. घरात बाळंतीण अडली की बंद असेल ते उघडायचं आणि बांधलेलं असेल ते सोडायचं, हे या बेटावर शेंबडं पोरही जाणतं. डोरकासने दारं उघडली, खिडक्या उघडल्या, कपड्यांची पेटी, मक्याचा डबा, मिठाची बरणी, सगळ्यांची झाकणं काढली. सुनेचा अंबाडा सोडला. अंगणातली बकरीसुद्धा सोडली, ती थेट शेजाऱ्यांच्या शेंगांत शिरली.

"ही कसली धावपळ?" बाईंनी विचारलं.

"सासूबाई गाठी सोडतायत."

"अगं, बाळ कळांच्या जोरावर येतंय की बकरीच्या? मावशी, तुम्ही खाली बसा बघू!"

डोरकासने सुपारी या गालातून त्या गालात सारली. "फोनमधल्या बाईला सांग, तू तुझं शिकव. माझ्या नातवंडाची वाट मी मोकळी करणार."

तेवढ्यात डेल्सियानाला मोठी कळ आली. बाळ बेंबीपर्यंत बाहेर आलं. आणि डोरकासची नजर खोलीभर फिरता फिरता खांबावर थांबली. अगं बाई! एवढी मोठी गाठ राहूनच गेली होती!

तिने ती दातांनी सोडली.

खाड्कन आवाज झाला. फोन जमिनीवर, पडदा काळाठिक्कर, बाई गायब.

"मावशी! काय केलंत हे!"

"गाठ होती गं," डोरकास पुटपुटली. आपण काय करून बसलो ते तिला आता कळत होतं.

फोन चार हातांवर पडला होता, पण येर्मिनाला बाळावरून नजरही हलवता येईना. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. पाठीमागचे हात कधी पुढे आले तेही तिला कळलं नाही. एकदा हलकेच ओढावं आणि सुटावं. ओढावंच. तिने मान वर करून रिकाम्या खांबाकडे पाहिलं.

"हात मागे," ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. आणि खरंच मागे घेतले. एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला.

ते पाहून डोरकासनेही आपले हात पाठीमागे घेतले. आता तिला आणखी काही सोडायची भीती वाटत होती.

पुन्हा कळ आली. बाळाचा एक हात बाहेर आला, मग दुसरा. मग थोडा वेळ काहीच नाही. तो थोडा वेळ येर्मिना जन्मात विसरणार नाही. आणि मग मानेवर ओले काळे केस दिसले. तेव्हा कुठे तिचे हात पुढे आले. तिने बाळाला अलगद उचलून आईच्या पोटाकडे नेलं आणि डोकं सुळकन बाहेर आलं.

मुलगी. निळसर, गप्प. येर्मिनाने तिची पाठ चोळली. एकदा, दोनदा. मग पोरीने असं काही भोकाड पसरलं की शेंगांतली बकरीसुद्धा घरी पळत आली.

"आता बांध हं," डोरकास डोळे पुसत म्हणाली. येर्मिनाने नाळ बांधली. तोवर डोरकासने फोन उचलून पुन्हा खांबाला बांधला. सात गाठी मारल्या. "आता कुठे जातायत बाई!"

फोनचा कोपरा तडकला होता, पण तो चालू झाला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बाईंनी उचलला.

"मुलगी, बाई! दोघी सुखरूप! मी ओढलं नाही!"

पडद्यावर बाई दिसल्या. नेहमी चापून चोपून घातलेला त्यांचा अंबाडा सुटून पांढरे केस खांद्यावर पसरले होते. त्यांच्या मागे कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती, टेबलाचे तिन्ही खण ओढलेले, आणि त्याच्याही मागे उघड्या फ्रिजमधला दिवा जळत होता.

डोरकासने फोनजवळ तोंड नेऊन नीट पाहून घेतलं.

"फ्रिज लावून घ्या आता, बाई," ती हळूच म्हणाली. "पोरगी आली."