काळी खिडकी

चित्रात चांदण्यात निळसर दिसणारा बर्फ, एकटं घर आणि सहा खिडक्या होत्या. पाच पिवळ्या, एक काळीकुट्ट. ती एलेनच्या खोलीची.

तिचे चित्रकार वडील जन्मभर अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या रात्री रंगवत राहिले. त्यांच्याशी भांडून गेलेली एलेन थेट त्यांच्या अंत्यविधीला परतली.

“पूर्वी माझीही खिडकी पिवळी होती. शेकोटीची काजळी बसली असेल ना?” तिने चित्रं दुरुस्त करणाऱ्या मुग्धाला विचारलं.

मुग्धाने कापसाचा बोळा जिभेवर ओला केला.

“शी! थुंकी?”

“याहून सौम्य औषध नाही. काजळी असेल तर बोळा काळा होईल. वडिलांनीच रंग फासला असेल, तर पांढरा राहील.”

एलेन श्वास रोखून वाकली. मुग्धाने खिडकीवर चार बोळे फिरवले.

चारही पांढरे निघाले.