कोरं दार

ड्रिलचा जोर एकदम सुटला. नळ्या सरसर खाली गेल्या आणि भोकातून वर येणारं पाणी बंद झालं.

"पोकळी लागली वाटतं," भूशास्त्रज्ञ नेवेना वैतागून म्हणाली. जस्त-शिशाचा नवा पट्टा इथे लागला, तरच खाण चालू राहणार होती.

वेल्कोने मशीन बंद केलं. या उतारावर ड्रिल लावायचं ठरलं, तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचा बाप स्टामेन याच डोंगराखाली कामाला होता. एका सकाळी कामावर म्हणून निघाला, तो परतलाच नाही. त्या वेळच्या साहेबांनी हात झटकले. म्हणे, तो खाणीत उतरलाच नव्हता, सीमा ओलांडून ग्रीसला पळाला. वेल्कोची आई रुझा सांगून थकली, की त्याला खाणीच्या हद्दीबाहेरच्या चोरट्या बोगद्यात धाडलं होतं. पण नकाशात तसा बोगदाच नव्हता. मग काय, गावाला आयता विषय मिळाला. "काय रुझा, ग्रीसहून ऑलिव्ह आले की नाही अजून?"

इथे माणूस वारलं की त्याचा फोटो छापलेला कागद घराच्या दारावर लागतो, दरवर्षी नवा. रुझाचं दार कोरंच राहिलं. तोंडाने ती साऱ्या गावाला पुरून उरायची. पण सीमेकडून येणारी बस थांबली, की हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. वेल्को मात्र हळूहळू गावाचंच खरं मानू लागला होता. बापाचं नुसतं नाव निघालं तरी त्याचं डोकं फिरायचं.

नळ्या वर काढल्या. खोक्यात नळ्यांतून निघालेल्या करड्या दगडाच्या कांड्या एकामागोमाग एक आल्या. शेवटची कांडी दगडाची नव्हतीच. नेवेनाने ती नखाने खरवडून पाहिली.

"लाकूड? वेल्कोकाका, इतक्या खोल?"

"छताला दिलेला टेकू आहे, पोरी." वेल्कोने कांडी हातात घेतली. "इथे बोगदा होता."

"पण नकाशात तर..."

"नकाशात नाहीच तो."

लाकडाचा तुकडा खिशात घालून वेल्को घरी निघाला. बाप पळपुटा नव्हता! चौकातल्या कॉफीच्या दुकानासमोरून तो आज पहिल्यांदाच मान वर करून गेला. घर येईपर्यंतही त्याला धीर धरवेना. शेवटचा चढ तो पळतच चढला.

"आई, बाबा पळाले नव्हते! तुझंच खरं होतं. बोगदा सापडला!" त्याने तुकडा तिच्या हातात ठेवला. "आता दारावर कागद लावू. बघू दे गावाला."

रुझाने लाकूड नाकाशी नेलं. बाहेर बस येऊन थांबली. ती खिडकीशी गेली नाही.

"जन्मभर गावाशी भांडले रे, पळाला नाही म्हणून," ती म्हणाली. "आणि मनात रोज म्हणायचे, पळालेला असू दे."