बाराव्या खांबाचा आलेख

पुलाच्या पायात बारा खांब होते, मुख्य इंजिनिअर ताईंकडे बारा आलेख होते, आणि खांबांची चाचणी घेणाऱ्या पोराने हातोडी मात्र अकराच खांबांवर मारली होती. बाराव्याभोवती चिखल होता, म्हणून अकराव्याचाच आलेख त्याने तिथे खपवला होता.

“उद्या पूल खुला होतोय. हा शेवटचा माझ्यासमोर ठोकून दाखव,” ताई म्हणाल्या.

त्याने मान खाली घालून खांबावर सेन्सर चिकटवला. हातोडीचा ठोका तळाला आपटून परतला की यंत्र खांबाची लांबी सांगे. तो हातोडी काढायला पिशवीकडे वळला, तोच यंत्राच्या पडद्याकडे बघणाऱ्या ताई हसल्या.

“अठरा मीटर! तुझ्या आलेखाशी तंतोतंत जुळलं. उगाच शंका घेतली रे तुझ्यावर.”

शरमेने त्याचे कान तापले. हातोडी अजून पिशवीतच होती.

“ताई, मी...”

पडद्यावर पुन्हा ठोका उमटला. लांबी आता सतरा मीटर; खालून ठोकणारं काहीतरी मीटरभर वर आलं होतं.