फुलाशिवाय नाव नाही

"कळी?" विश्वेश्वररावांनी खाटेवरून विचारलं.

"नाही हो अजून," कावेरी बाल्कनीतून म्हणाली. रोजच्यासारख्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडून तिनं मुठीत धरल्या होत्या. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर तुळस लवकर वाळते, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं.

तुळशीशेजारी, नारळाच्या सोडणात बसवलेलं ते ऑर्किड होतं. कांद्यासारखे दोन हिरवे गड्डे आणि चार पानं, एवढाच त्याचा थाट. चामराजपेटेतले शेजारी त्याला कांदाच समजत. विश्वेश्वररावांचा मात्र सगळा जीव त्यात अडकला होता. उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलेला माणूस. जगात ऑर्किडच्या पंचवीस हजारांवर जाती, आणि ही त्यातली एकही नव्हे, अशी त्यांची खात्री होती. कोडगूच्या एका उतारावर त्यांना हे एकच रोप मिळालं. पुढच्या पावसात तो उतार दरडीबरोबर खाली गेला, आणि त्याच महिन्यात विश्वेश्वररावांची उजवी बाजूही अर्धांगवायूनं गेली. तेव्हापासून झाड बाल्कनीत आणि ते खाटेवर.

अडचण एकच होती. पानांवरून ऑर्किडची जात ठरत नाही. फुलाची एक पाकळी वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. त्या ओठाचा आकार, त्यावरचे ठिपके, हे पाहिल्याशिवाय नवी जात कुणी मानत नाही. फूल नाही तर नाव नाही. आणि वर्षातून एकदा फुलायला हवं असलेलं हे झाड तीन वर्षांत एकदाही फुललं नव्हतं.

कावेरीनं कसर ठेवली नाही. झाडाला नळाचं पाणी चालत नाही म्हणून ती पावसाचं पाणी धरून ठेवायची. कामवालीला त्याच्याजवळ फिरकू द्यायची नाही. नातेवाईक म्हणत, अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

"नाव ठरवलंय का हो?" पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं.

"ठरवलंय की. फुलू दे, मग सांगतो," ते म्हणाले आणि वाकड्या झालेल्या तोंडानं हसले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

याआधी त्यांनी एकदा असंच नाव दिलं होतं. त्या वेळी कावेरीही त्यांच्याबरोबर रानात हिंडली होती, पायाला जळवा लावून घेत, त्यांच्या डोक्यावर छत्री धरत. फूल निघालं नखाएवढं, तपकिरी. त्याला नाव मिळालं पवित्राचं. पवित्रा त्यांची विद्यार्थिनी, निपाणीकडची, तेव्हा विशीतली. सगळ्या भावकीनं कावेरीची यथेच्छ फिरकी घेतली. तीही सगळ्यांबरोबर हसली. होळगी, म्हणजे पुरणपोळी, करून तिनं पवित्राला जेवायला बोलावलं आणि आग्रह करकरून वाढलं.

पवित्रा आता स्वतः प्राध्यापक झाली होती. रविवारी ती आली आणि भिंग घेऊन झाडापाशी बसली.

"अक्का, माझ्या काचघरात द्या की. तिथं नक्की फुलतंय बघा."

"यांच्या नजरेसमोरून हललं तर हे जगायचे नाहीत गं," कावेरी म्हणाली. आत विश्वेश्वररावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पवित्रानं मान हलवली, पण भिंग काही खाली ठेवलं नाही. "इथं बुडाशी काहीतरी कुरतडल्यासारखं दिसतंय."

"खारी, दुसरं काय. मेल्या फार माजल्यात."

"मग स्वल्प जाळी तरी लावा, अक्का."

"सरी, बरं. उद्याच लावते."

जिन्यात पवित्रा थांबली. डॉक्टर काय म्हणाले, ते तिला ठाऊक होतं. हृदय थकलं होतं, पुढचा हंगाम दिसण्याची आशा नव्हती. "सरांना यंदा तरी फूल दिसू दे, अक्का," ती म्हणाली. कावेरीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत जाळी आली. खारी झाडापर्यंत पोचेनाशा झाल्या. दोन आठवडे गेले. विश्वेश्वररावांना बसतं करायला आता दोन उशा पुरेनात.

एका सकाळी कावेरी मंजिऱ्या खुडून आत येत होती, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"बस जरा. नाव सांगून टाकतो. आता वाट बघण्यात अर्थ नाही."

"फुलल्यावर सांगणार होतात ना?"

"तेव्हा मी नसलो तर? पवित्राला सांगून ठेवलंय. माझ्या मागं कधी फुललं, तरी हेच नाव द्यायचं." त्यांना धाप लागली. "तुझं नाव, कावेरी."

ती उभीच राहिली.

"लोकांना नदीचं वाटेल. वाटू दे. आपल्याला ठाऊक आहे की."

"आणि ते... आधीचं?" तिनं विचारलं. "ते का नाही दिलंत मला?"

"ते?" ते हसले, तसंच वाकडं. "अगं, त्याला कुजक्या मासळीचा वास यायचा. पवित्रालाच हौस होती, घे म्हटलं तिला. तसल्या फुलाला तुझं नाव कसं देऊ? चांगल्याला राखून ठेवलं होतं."

विश्वेश्वररावांनी चांगला हात तिच्याकडे पुढे केला. तिनं तो धरला नाही, तिची मूठ झाकलेली होती.

"एकदा डोळ्यांनी बघायचं होतं गं," ते म्हणाले. "बघितलंस ना आज? कळी?"

"नाही हो अजून," ती म्हणाली.

मग बाल्कनीत जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून तिनं मूठ उघडली. मंजिऱ्यांमध्ये ऑर्किडची यंदाची कळी होती. गेल्या वर्षीची आणि त्याच्या आदल्या वर्षीची खुडली होती, तशीच बुडापासून खुडलेली.