स्थळाची चौकशी, पान एकशे चौदा

सुलेखाताईंनी होकार दिला. पण हे तुम्ही वाचलंच नाहीत असं समजा, कारण रविवारचे दुपारचे साडेबारा वाजलेत, मुलगी एक वाजता जेवायला यायची आहे आणि सिंगापुरातल्या सेरंगूनच्या आठव्या मजल्यावर सुलेखाताईंचा चेहरा नकाराचा आहे.

समोर टेबलावर लायब्ररीची दोन जाड पुस्तकं.

"आई, ती उचल ना आता," प्रबोध म्हणाला. "येईल ती."

"चौकशी पूर्ण झालेली नाही."

एकुलता एक मुलगा म्हटल्यावर चौकशी करायलाच हवी. स्थळ पुण्याचं असतं तर दोन फोनांत मुलीच्या आजोळापर्यंत पोचता आलं असतं. पण लिगाया फिलिपिन्सची, आणि तिथे सुलेखाताईंच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. म्हणून त्या मॉलमधल्या लायब्ररीत गेल्या आणि तिकडच्या माणसांविषयी कुणी काही सांगितलंय का, असं विचारलं. दोघांनी सांगितलं होतं. एक चिनी गृहस्थ, आठशे वर्षांपूर्वीचे. दुसरा स्पॅनिश पाद्री, चारशे वर्षांपूर्वीचा.

"तो चिनी तिथे गेलासुद्धा नव्हता, आई. बंदरावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून लिहिलंय त्यानं."

"मग? आपल्या शेजारच्या वैद्यकाकू कधी घराबाहेर पडायच्या? त्यांची एक तरी बातमी खोटी निघाली?"

चिनी गृहस्थांचं मत चांगलं होतं. माणसं सचोटीची. व्यापाऱ्यांचा माल घेऊन बेटाबेटांवर जातात, आठ-नऊ महिने लावतात, पण परत येतात म्हणजे येतातच. त्यांच्यातले सरदार पांढरी छत्री वापरतात. पाद्री म्हणत होता, हे लोक रोज अंघोळ करतात आणि दारातल्या घड्यातल्या पाण्यानं पाय धुऊन मगच घरात शिरतात. रोजच्या अंघोळीचा त्याला फार अचंबा वाटला होता, त्यावरून सुलेखाताईंनी त्याच्याविषयी जे काय समजायचं ते समजून घेतलं. इथवर सगळं जुळत होतं. अडलं होतं ते पान एकशे चौदावर. तिथे पाद्र्यानं एका शब्दात निकाल दिला होता: आळशी.

"घरकामाला नकोय मला ती," सुलेखाताई म्हणाल्या. "पण तू आधीच आळशी. त्यात तीही तशीच निघाली, तर माझ्यामागे तुम्हाला सकाळी उठवणार कोण?"

प्रबोध हसला. आई हसली नाही हे पाहून थांबला.

"एकदा तिला बघ तरी. तू नाही म्हणालीस, तर मी..."

एक वाजला. दीड वाजला. सुलेखाताईंनी पान एकशे चौदा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवलं. दोन वाजले.

"चिन्यानं आठ महिने सांगितलेत," प्रबोध बारीक आवाजात म्हणाला.

सव्वादोनला बेल वाजली. दारात लिगाया उभी होती. पायांना ढोपरापर्यंत ग्रीस आणि हातात, बाहेर ऊन होतं म्हणून, छत्री. पांढरी. तिच्यावर एका लिफ्ट कंपनीचं नाव होतं.

"सॉरी, टीता." टीता म्हणजे मावशी, हे प्रबोधनं आधीच सांगून ठेवलं होतं. "बुकित बातोकला आमच्याच ब्लॉकमध्ये एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. लिफ्ट तपासणं हेच माझं काम. आज सुट्टी होती, पण त्या रडत होत्या. दार उघडेपर्यंत फटीतून त्यांच्याशी गप्पा मारत बसले." तिनं खाली पाहिलं. "आधी पाय धुऊ का? मग आत येते."

सुलेखाताई छत्रीकडे पाहत होत्या. नकळत त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

जेवताना लिगाया म्हणाली, "टीता, माझ्या आजीनं पण तुमची चौकशी केली."

सुलेखाताईंचा वाढता हात थांबला. "कुणाकडे?"

"गावात मराठी माणूस कुणीच नाही. मग तिनं आमच्या चर्चच्या पाद्र्यांना विचारलं. ते एकदा मुंबईच्या विमानतळावर चार तास होते."

"चार तासांत काय डोंबल कळतं?"

"विमानाला उशीर झाला होता. शेजारच्या बाईंनी डबा उघडला आणि काही न विचारता त्यांच्या हातावर पोळी ठेवली. हे नको म्हणाले. तर त्यांनी दुसरी ठेवली. पाद्री आजीला म्हणाले, बाकीचं मला माहीत नाही, पण पोरगी उपाशी राहायची नाही, एवढं लिहून देतो."

सुलेखाताईंनी लिगायाच्या ताटात पोळी वाढली. ती नको म्हणाली. त्यांनी दुसरी वाढली.

संध्याकाळी पुस्तकं परत करताना त्यांनी लायब्ररीतून अभिप्रायाचा फॉर्म मागून घेतला. फॉर्म इंग्रजीत होता. त्यांनी तो मराठीत भरला, कारण प्रश्न घरचा होता.

'पान ११४ वरील "आळशी" हा शेरा लेखकाने सदर मुलीस न भेटता मारलेला आहे. तरी संबंधित पाद्री महोदयांस येत्या रविवारी दुपारी एक वाजता आमच्या घरी जेवावयास पाठवावे. येताना अंघोळ करून यावे. मुलीस यायला उशीर होईल, पण ती येईल. जेवण झाल्यावर त्यांनी सदर शेरा स्वहस्ते खोडावा, ही नम्र विनंती.

अर्जदाराचे मुलीशी नाते: सासू.'