दोरीखालचा वरंबा

"दोरीच्या अलीकडचं आहे ते. माझं!" थोरल्याने बटाट्याची टोपली स्वतःकडे ओढली.

"मी उभा आहे तिथून बघ, दादा. माझ्याच अलीकडचं दिसेल," धाकटा म्हणाला आणि त्याने टोपलीच्या काठावर पाय ठेवला.

शेताच्या मधोमध दोरी ताणलेली होती. एका अंगाला थोरल्याने नुसतं शेणखत घातलं होतं, दुसऱ्या अंगाला धाकट्याने नुसतं पोत्यातलं दाणेदार खत. ज्याचं पीक काट्यावर कमी भरेल, त्याने शेत सोडून चालतं व्हायचं, असं दोघा भावांनी लागवडीच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

"दोन्ही थोडंथोडं घाला की," थोरल्याची बायको तेव्हा म्हणाली होती.

"वहिनी, ही काय भाजी आहे, चवीपुरतं मीठ टाकायला?" धाकट्याने विचारलं होतं, आणि दोघं भाऊ खो खो हसले होते. एकत्र हसले ते तेवढंच. धाकट्याला तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. दोघांतला कुणीही गेला तरी मोडणार होतं तिचंच घर.

आज झाडाच्या फांदीला काटा टांगला होता. दोघांचे ढीग तोलून झाले आणि काट्याने दोघांचीही लाज राखली. पीक बेताचंच, पण सारखं. उरला तो दोरीखालचा एक वरंबा. दोरी नेमकी त्याच्या माथ्यावरून गेली आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लागवडीच्या वेळी थोरल्याने त्याच्या पोटात शेणखत भरलं. पुढे मातीची भर देताना धाकट्याने आपल्या सरीतून त्याला दाणेदार खत चारलं. आपलाच समजून दोघांनीही त्याचे लाड केले. आता कुदळीच्या पहिल्याच घावाला त्यातून मुठीत न मावणारे बटाटे लोळत बाहेर आले होते.

"माझ्या शेणखतावर पोसलाय तो. तुझ्या खड्यांनी जमिनीची आतडी जाळलीस तू."

"आणि तू काय केलंस? उकिरडा पसरून उंदीर सांभाळलेस!"

"अहो, ऐका ना," ती हळूच म्हणाली. "ह्या वरंब्याला दोघांचंही लागलंय. म्हणून तर..."

"तू मधे बोलू नकोस!" दोघं एकदम ओरडले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

धाकट्याने टोपली लाथाडली. थोरल्याने फावडं उचललं आणि फावड्याच्या पाठीचा फटका भावाच्या जबड्यावर हाणला. कच्चं मडकं फुटावं तसा आवाज झाला. धाकटा गुडघ्यांवर आला. त्याने रक्ताची गुळणी टाकली, तिच्यासोबत एक दात पडला. दाताकडे तो क्षणभर बघत राहिला. मग त्याचा हात कुदळीवर गेला.

"छोट्या, ठेव ती! माझी शपथ आहे तुला!"

लहानपणापासून तिची शपथ त्याने कधी मोडली नव्हती. कुदळ खाली आली. थोरल्याने फावड्याचा दांडा आडवा धरला होता. दांडा वाचला. दांड्यावरचं बोट वाचलं नाही.

थोरला मटकन खाली बसला. तो नुसता हाताकडे बघत होता. तिने पदर टर्रकन फाडला, त्याच्या मनगटाला करकचून आवळला आणि त्याचा हात त्याच्याच डोक्यावर नेऊन ठेवला.

"असाच वर धरून बसा." मग ती दिराकडे वळली. तिचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "बोट मिळालं तर दवाखान्यात जोडतात. शोध."

धाकट्याने कुदळ दूर भिरकावली. झटापटीत दोघांनी वरंबा तुडवून त्याचा चिखल केला होता. ती अलीकडून माती उपसू लागली, तो पलीकडून. तिच्या ओठांवर देवाचं नाव होतं. लहान बटाटा हाताला लागला की दर वेळी ती तो वर काढून बघायची, आणि बाजूला फेकून ती पुन्हा हात खुपसायची. दोघांच्या मधे माती लाल होत चालली होती. धाकट्याच्या तोंडातून धार लागली होती, ती पुसायलाही तो थांबत नव्हता.

"कुणाच्या बाजूला पडलं गं?" मागून थोरल्याने विचारलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

ती आणखी खोल उकरू लागली.

कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी आलं. बटाटा नव्हता. ऊब होती त्याला. तिने ते घट्ट धरलं.

"वहिनी," पलीकडून धाकटा हुंदके देत म्हणाला, "ते बोट माझं आहे."

तिने सोडलं नाही.